जगातल्या संकटावर गावात सभा घ्यायचीय? मग हे आधी वाचा

गणपती मंडळाची वर्गणी, सप्त्याची पंगत, शाळेचं गॅदरिंग एवढा अनुभव गाठीशी असला की जगातल्या एखाद्या मानवी संकटावर गावात सभा घेता येते. त्यासाठी संस्था लागत नाही, फ्लेक्स लागत नाही आणि प्रमुख पाहुणा तर अजिबात लागत नाही. एक नेमका विषय, तीन-चार भरवशाची माणसं आणि लोकांना बोलू द्यायची तयारी एवढं असलं तर पुरे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतली गावं आणि तालुक्याची ठिकाणं डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. पुण्या-मुंबईच्या सभांची तऱ्हा वेगळी, तिथले नियम इकडे फारसे कामाला येत नाहीत.

एक सभा, एक देश

नवख्या माणसाला वाटतं की जगातली सगळी दुःखं एकाच संध्याकाळी सांगून टाकावीत. युद्ध, भूक, निर्वासित, हवामान, बालमजुरी. मग वक्ता दमतो, ऐकणारा त्याआधीच दमतो आणि घरी जाताना कुणाच्या हाताला काही लागलेलं नसतं. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या आकड्यांनुसार २०२४ च्या अखेरीस जगभरात १२ कोटी ३२ लाख माणसं घरदार सोडून परागंदा झालेली होती. हा आकडा सतरंजीवर बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून जातो. त्यात त्याची चूक नाही. बारा कोटी माणसं कुणी पाहिलीत?

म्हणून एकच देश घ्या. पहिल्या सभेसाठी मी सुदान सुचवतो, आणि पुढे सगळीकडे तेच उदाहरण चालवणार आहे. सुदानच का, ते सांगतो. गाझा किंवा युक्रेन हे विषय कमी महत्त्वाचे आहेत असं मुळीच नाही. पण त्यावर टीव्ही बघून गावात आधीच दोन तट पडलेले असतात. लोक ऐकायला न येता भांडायला येतात, आणि नवखा माणूस ती सभा सांभाळू शकत नाही. ते विषय दुसऱ्या-तिसऱ्या सभेला घ्या, हात बसल्यावर. सुदानबद्दल कुणाचं काहीच मत नसतं, आणि संकटाच्या आकारमानाने बघितलं तर तो आजच्या सर्वांत मोठ्या संकटांपैकी एक आहे.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सुदान आपल्याला वाटतो तितका परका नाही. तिथलं मुख्य धान्य ज्वारी. ज्वारीचं पीठ आंबवून ते किसरा नावाची पातळ भाकरी करतात, आणि त्याच पिठाची घट्ट उकड करून तिला असीदा म्हणतात. निळी नाईल आणि पांढरी नाईल या दोन नद्यांच्या बेचक्यात गेझिरा नावाचा प्रदेश आहे, तिथे सेन्नारचं धरण बांधून १९२५ पासून कालव्यावर कापूस पिकवला जातोय. तोही ब्रिटिशांनी लँकेशायरच्या गिरण्यांसाठीच सुरू केलेला. आणि जगात थंड पेयांपासून औषधांपर्यंत जो बाभूळवर्गी झाडांचा डिंक लागतो, त्याचा सर्वांत मोठा पुरवठादार सुदान आहे. ज्वारी, कापूस, डिंक. पारोळ्याच्या किंवा शिंदखेड्याच्या शेतकऱ्याला यापेक्षा ओळखीचं काय सांगणार?

माहिती जमवताना

दोन पानं पुरतात. त्यापेक्षा जास्त लिहिलंत तर वाचून दाखवण्याचा मोह होईल. सुदानसाठी ती दोन पानं साधारण अशी होतील:

१५ एप्रिल २०२३ ला राजधानी खार्तूममध्ये लढाई पेटली. एका बाजूला अब्देल फत्ताह अल-बुऱ्हान यांचं सैन्य, दुसऱ्या बाजूला मोहम्मद हमदान दगालो ऊर्फ हेमेदती यांचं निमलष्करी दल. दोघं आधी मिळून सत्तेवर होते. २०२४ च्या अखेरीस सुदानमधले सुमारे १ कोटी ४३ लाख लोक घर सोडून गेलेले होते, काही देशातच दुसरीकडे, काही चाड, इजिप्त, दक्षिण सुदानकडे. पश्चिमेकडच्या दारफुर भागातल्या अल-फाशेर शहराजवळ निर्वासितांची झमझम छावणी आहे, तिथे दुष्काळ पडल्याचं ऑगस्ट २०२४ मध्ये अधिकृतपणे जाहीर झालं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते शहरही निमलष्करी दलाच्या ताब्यात गेलं. युद्ध सुरू झालं तेव्हा भारत सरकारने 'ऑपरेशन कावेरी' राबवून तिथून साडेतीन हजारांहून जास्त भारतीयांना परत आणलं. त्यात कर्नाटकातले हक्की-पिक्की आदिवासीही होते, जडीबुटीची औषधं विकायला तिकडे गेलेले. नंदुरबारकडे सभा असेल तर ही गोष्ट अवश्य सांगा, लोक पुढे सरकून बसतात.

आता १ कोटी ४३ लाख म्हणजे किती? २०११ च्या जनगणनेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून साधारण ७९ लाख लोकसंख्या होती. म्हणजे चोपड्यापासून नवापूरपर्यंत आणि चाळीसगावापासून धडगावपर्यंत सगळी गावं ओस पडली, तरी आकडा भरत नाही. जवळपास पावणेदोन खान्देश उठून निघाले, असं सांगा. आकडा सांगायचा तो असा.

आकड्याशेजारी तारीख लिहायची सवय लावून घ्या. संकटातले आकडे महिन्या-महिन्याला बदलतात, लोक परततात, पुन्हा निघतात. 'आत्ता एवढे आहेत' म्हणण्यापेक्षा 'अमुक महिन्यात एवढे होते' म्हटलेलं बरं. व्हॉट्सॲपवर आलेला आकडा तर वहीत उतरवूच नका. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, रेड क्रॉस आणि नावाजलेली वृत्तपत्रं यांपैकी निदान दोन ठिकाणी जो सापडेल तोच घ्या.

नकाशावर सुदान आणि दक्षिण सुदान वेगळे दाखवा. ९ जुलै २०११ ला दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. जिल्हा परिषदेच्या शाळेत भिंतीवर जुना नकाशा असेल तर त्यात दोन्ही एकच दिसतील, आणि एखादा सातवीतला पोरगा सगळ्यांसमोर तुम्हाला ते विचारेल.

फोटोंबद्दल माझं मत ठाम आहे. उपाशी मुलाचा, प्रेताचा, रडणाऱ्या बाईचा फोटो दाखवायचा नाही. रेड क्रॉस आणि इतर मदत संस्थांनी १९९४ मध्ये जी आचारसंहिता ठरवली तिच्यातही हेच आहे, की आपत्तीतल्या लोकांना लाचार वस्तू म्हणून नाही तर स्वाभिमानी माणसं म्हणून दाखवा. तुमच्या आजीचा असा फोटो कुणी परगावच्या सभेत भिंतीवर लावला तर चालेल का, एवढं मनाशी विचारलं की निवड सोपी होते. बाजाराचा फोटो घ्या, स्वयंपाकाचा घ्या, रांगेत घागरी घेऊन उभ्या बायकांचा घ्या. आणि फोटो खरोखर तिथलाच आहे का ते गूगल लेन्सवर टाकून पाहा. दुसऱ्या देशातला, दहा वर्षांपूर्वीचा फोटो नव्या नावाने फिरत असतो.

दिवस आणि वेळ: इथेच निम्मी सभा फसते

पुस्तकी दिनविशेष आणि खान्देशातला शेतीचा हंगाम यांचं जमत नाही. जागतिक निर्वासित दिन २० जूनला असतो. त्या आठवड्यात मृगाचा पाऊस झाला असेल तर कपाशीची लागवड चालू, नसेल झाला तर सगळे आभाळाकडे डोळे लावून. दोन्ही वेळा सभेला कुणी येत नाही. १९ ऑगस्टला जागतिक मानवतावादी दिन असतो. २००३ मध्ये त्या दिवशी बगदादला संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयावर स्फोट होऊन २२ माणसं गेली, त्यांच्या आठवणीत तो पाळतात. त्या सुमाराला श्रावण, कानबाईचे रोट, पोळ्याची तयारी. १६ ऑक्टोबर जागतिक अन्न दिन, तेव्हा कापूस वेचणी जोरात आणि मजूर मिळेना. ८ मे हा रेड क्रॉसचे संस्थापक हेन्री ड्युनांट यांचा जन्मदिवस. त्याच्या आगेमागे कधी कधी आखाजी येते, लेकी माहेरी आलेल्या असतात, गर्दी हमखास मिळते. पण भुसावळ-जळगावचं मे महिन्याचं ऊन लक्षात घेता सभा दिवे लागल्यावरच.

राहिला १० डिसेंबर, मानवी हक्क दिन. १९४८ मध्ये या दिवशी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. त्यातल्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' या अर्थाच्या शब्दांऐवजी 'सर्व माणसं' यावं म्हणून भारताच्या हंसा मेहता अडून बसल्या होत्या. थंडी पडलेली असते, संध्याकाळी लोक बाहेर बसायला तयार असतात, आणि भरताची वांगी आलेली असतात. माझी पसंती याच दिवसाला. दोन दिवस मागेपुढे झाले तरी काही बिघडत नाही. मात्र आठवडे बाजाराचा वार टाळा, पंचांगात लग्नतिथी बघा, आणि शहादा भागात असाल तर दत्तजयंतीच्या आसपासची सारंगखेड्याची यात्रा विसरू नका. अख्खा तालुका तिकडे असतो.

वेळ ठरवताना आधी डेअरीवर विचारा. संध्याकाळचं दूध घालून लोक मोकळे कधी होतात ते तिथे कळतं. बहुतेक गावांत साडेसात. पण साडेसातला बायका चुलीशी असतात, म्हणून सभा नुसती पुरुषांची होते. यावर दोन उपाय आहेत. एक, बचत गटाच्या बैठकीला जोडून दुपारी वेगळी सभा. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. त्या दिवशी गावाने एकत्र जेवायचं. भरीत आणि कळण्याची भाकरी. वांगी पऱ्हाटीवर भाजायचं काम पुरुषांनी करायचं, भाकऱ्या प्रत्येक घरून चार-चार दुपारीच करून आणायच्या. म्हणजे संध्याकाळी कुणीच चुलीपाशी अडकत नाही.

उपासमारीवर बोलायचं आणि वर भरीत खायचं हे बरं दिसतं का, असं कुणीतरी म्हणेलच. मला त्यात काही वावगं वाटत नाही. एक वेळ उपास करून फोटो काढण्यापेक्षा शेजारी मांडी घालून जेवताना माणसं जास्त खरं बोलतात. फक्त बोलणं आधी, पंगत नंतर.

जागा

ज्या जागेवर कुणा एकाचं नाव लागतं ती टाळा. पाटलांच्या वाड्यात घेतली की सभा पाटलांची, एखाद्या पक्षाच्या संपर्क कार्यालयात घेतली की पक्षाची. काही वस्त्यांमधली माणसं काही देवळांच्या ओट्यावर आजही मोकळेपणी बसत नाहीत. हे उघड कुणी बोलत नाही, ते तुम्हालाच ओळखायला हवं. जिल्हा परिषदेच्या शाळेचं पटांगण सगळ्यांत बरं. तालुक्याच्या गावी वाचनालय. खुर्च्या नकोत, सतरंज्या टाका. खुर्च्या मांडल्या की पहिल्या रांगेवरून मानापमान सुरू होतो.

वीज जाणार हे धरून चाला. प्रोजेक्टरच्या भरवशावर कार्यक्रम आखू नका. चार्जिंगचा एक स्पीकर आणि भिंतीवर टांगलेला मोठा नकाशा एवढ्यावर सभा झाली पाहिजे. नकाशावर आपल्या जिल्ह्यापासून खार्तूमपर्यंत लाल दोरा ताणून लावा. सरळ रेषेत अंतर साधारण साडेचार हजार किलोमीटर भरतं.

परवानग्या

शाळेसाठी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष यांच्याकडे लेखी अर्ज. ग्रामपंचायतीला माहितीसाठी प्रत. लाऊडस्पीकर लावणार असाल तर पोलीस ठाण्यात अर्ज, आणि रात्री दहानंतर तो बंद म्हणजे बंद. पोलीस ठाण्यात गेलात की आणखी एक विचारा: जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीचा आदेश लागू आहे का? सणावारांच्या आणि आंदोलनांच्या काळात तो निघत असतो. निवडणुकीची आचारसंहिता चालू असेल तर पुढची तारीख धरा, उगाच डोकेदुखी नको. प्रत्येक अर्ज दोन प्रतींत, एकीवर पोच घ्यायची. पोलीस पाटलांना घरी जाऊन सांगा, फोनवर नको.

विषय सांगताना 'सुदानमधल्या युद्धाने बेघर झालेल्या लोकांची माहिती' एवढंच लिहा. 'जनजागृती महामेळावा' असलं काही लिहिलंत की समोरच्याला मोर्चाच वाटतो.

आमंत्रण

ग्रुपवर एक निरोप टाका, घंटागाडीवर किंवा दवंडीने पुकारा, पण खरी माणसं येतात ती घरोघरी सांगितल्याने. दोघं-दोघं मिळून जा, एक मुलगा आणि एक मुलगी असली तर उत्तम, म्हणजे ओसरीवरही बोलणं होतं आणि आतही. निरोप छोटा असू द्या. उदाहरणार्थ:

'राम राम. सुदान नावाच्या देशात आपल्यासारखीच ज्वारी आणि कापूस पिकतो. तिथे तीन वर्षांपूर्वी लढाई पेटली आणि पावणेदोन खान्देश मावतील एवढी माणसं बेघर झाली. ती कशी जगतायत, ते बुधवारी संध्याकाळी साडेसातला शाळेत बसून समजून घेऊ. वर्गणी नाही, भाषण नाही. नंतर भरीत-भाकरी. घरून चार भाकऱ्या आणा. नाना, बाहत्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी सांगायला तुम्ही यायलाच हवं.'

वर्ष आणि वार तुमच्या सोयीने बदला. शेवटचं वाक्य मात्र ठेवा, आणि ते ज्याच्या-त्याच्या घरी त्याच्या नावाने बदला. 'तुम्ही या' म्हटलं तर लोक 'पाहू' म्हणतात. 'तुमच्याशिवाय अडेल' म्हटलं तर येतात.

सरपंचांना वेगळं भेटा. त्यांना सांगा की यजमान तुम्ही, सुरुवातीला दोन मिनिटं बोला आणि मग सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसा. बहुतेक जण हसून हो म्हणतात. न सांगता टाळलंत तर वर्षभर तोंड फिरवतील.

प्रत्यक्ष संध्याकाळ

दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, मान्यवरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय. या सगळ्याला आपल्याकडे पाऊण तास लागतो आणि तोवर निम्मे लोक तंबाखू मळायला उठलेले असतात. यातलं काहीही करू नका. पहिल्या वाक्यापासून विषयावर या.

पण पहिलं वाक्य सुदानबद्दल नको. सत्तरीच्या पुढच्या एखाद्या नानांना किंवा आजींना पुढे बसवा आणि विचारा: बाहत्तरला काय खाल्लं?

मी हे होताना पाहिलं आहे. सुरुवातीला आजी लाजतात, पदर तोंडाला लावतात, 'मला काय येतं बोलायला' म्हणतात. मग कुणीतरी 'मिलो' हा शब्द काढतो आणि बांध फुटतो. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी, तिची भाकरी थापताना कशी फुटायची, घशाखाली कशी उतरायची नाही, पोरं रडायची. खडी फोडायचं काम, पाझर तलावावरची हजेरी, दुपारी मिळणारी सुकडी. एक आजी दोन्ही हात पुढे करून घट्टे दाखवू लागल्या, जणू ते अजून असावेत. पलीकडून एक आजोबा म्हणाले की गाजरगवतही त्याच परदेशी धान्यातून आलं, आणि दहा मिनिटं नुसता हशा. तेही चालू द्या. गावाला कधीतरी बाहेरून धान्य आलं होतं, अनोळखी माणसांनी पाठवलेलं, ही गोष्ट तरुण पोरांना ठाऊकच नसते. ती आजींच्या तोंडून ऐकली की पुढचं सांगणं सोपं होतं.

यानंतर परात फिरवा. परातीत मूठभर ज्वारी, कपाशीचं एक फुटलेलं बोंड, डिंकाचे खडे. प्रत्येकाने हातात घेऊन पुढे द्यायचं. परात फिरत असतानाच तुमची दोन पानं सांगा, वाचू नका. पंधरा-वीस मिनिटं पुरे. तिथली माणसं नुसती मदतीची वाट बघत बसलेली नाहीत, हेही त्यात आलंच पाहिजे. युद्ध पेटल्यावर सुदानमध्ये गल्लीगल्लीतल्या तरुणांनी आपत्कालीन मदत कक्ष उभे केले. त्यांच्या तकाया नावाच्या सामुदायिक चुली चालतात, मोठ्या पातेल्यात डाळ-कडधान्य शिजवून शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाढायचं. या कक्षांना २०२५ मध्ये राईट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. सप्त्याची पंगत सांभाळणाऱ्या पोरांना हे काम किती जिकिरीचं असतं ते सांगावं लागत नाही, आणि इथे तर वर गोळीबार.

तुमच्या भागात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काँगोत किंवा दक्षिण सुदानमध्ये राहून आलेला माजी सैनिक असेल तर त्याला दहा मिनिटं जरूर द्या. तळोदा-शहादा-अक्कलकुवा भागात नर्मदेच्या धरणाने उठलेली माणसं राहतात. घर सोडणं म्हणजे काय, गावदेव मागे ठेवून येणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? पण त्यांना आयत्या वेळी उभं करू नका. आदल्या दिवशी घरी जाऊन विचारा, आणि नको म्हणाले तर विषय सोडा. जखम त्यांची आहे, आपल्या सभेची शोभा नाही. दोन्ही प्रसंग सारखेच, असंही म्हणू नका. धरण वेगळं, युद्ध वेगळं.

उरलेला सगळा वेळ प्रश्नांचा. निदान अर्धा तास. आणि प्रश्न अहिराणीत, लेवा बोलीत, भिलीत, पावरीत, जसे येतील तसे येऊ द्या. प्रमाण मराठीत विचारायला लावलं की फक्त मास्तर बोलतात. 'तठे पाऊस पडस का?' हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यातून पाऊस, नाईलचं पाणी, कोरडं दारफुर असं सगळं निघतं.

हमखास येणारे तीन प्रश्न

पहिला: 'आधी आपल्या गावचं बघा ना! इथे काय कमी आहे?' हा प्रश्न विचारणारा शहाणा असतो, त्याच्याशी वाद घालू नका. म्हणा, बरोबर आहे, आणि गावातलं सर्वांत मोठं दुखणं कोणतं ते फळ्यावर लिहायला सांगा. कुपोषण येईल, ऊसतोडीला गुजरातेत जाणारी कुटुंबं येतील, कापसाचा भाव येईल. पुढची सभा त्यावर घ्यायचं तिथल्या तिथे कबूल करा, आणि घ्या.

दुसरा: 'आपल्याला काय करायचंय जगाशी?' यावर मी यावल तालुक्यातलं फैजपूर सांगतो. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन तिथे झालं. देश पारतंत्र्यात, मांडव बांबूंचा, समोर शेतकरी. आणि अध्यक्ष जवाहरलाल नेहरू स्पेनमधल्या लढ्याबद्दल बोलले, ती आपलीच लढाई आहे म्हणाले. दुसरं उदाहरण कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं. दुसऱ्या महायुद्धात परागंदा झालेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ तिथल्या छावणीत राहिले. म्हणजे आपल्याकडे हे नवीन नाही.

तिसरा प्रश्न दबक्या आवाजात येतो: 'ती माणसं कोणत्या जातीची, धर्माची?' खरं ते सांगा, लपवू नका. सुदानमध्ये मारणारे आणि मरणारे बहुतेक एकाच धर्माचे आहेत, दारफुरमध्ये वंशाचा मुद्दा आहे, आणि भूक कुणाला काही विचारत नाही. एवढं बोलून पुढच्या हाताकडे वळा. कुणी त्यावर भाषण ठोकायला उठलाच तर 'दादा, पंगतीत बोलू' हे वाक्य तयार ठेवा. माईक मात्र हातातून सोडू नका. खान्देशात माईक एकदा दिला की परत मागताना नाती तुटतात.

पैशाचं

रोख रक्कम गोळा करू नका. एक रुपयाही नाही. लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे जमवायचे तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते, गणपतीच्या वर्गणीला लागते तशीच. शिवाय जमवलेला पैसा परदेशात पाठवणं ही वेगळीच भानगड आहे, आणि परदेशातून कुणी पैसे देऊ केले तर परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी नसताना ते घेणं गुन्हा आहे. ज्याला द्यायचं असेल त्याने स्वतःच्या मोबाईलवरून थेट युनिसेफ किंवा निर्वासित संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर द्यावं आणि पावती स्वतःच्या नावाने घ्यावी. संकेतस्थळाचा पत्ता तुम्ही फळ्यावर लिहा. क्यूआर कोडचा कागद चिकटवू नका, कोण कधी बदलून टाकेल सांगता येत नाही.

सभेचा खर्च म्हणाल तर वांगी, तेल, मिरच्या आणि स्पीकर. चार घरांत वाटून घ्या आणि हिशेब शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवा.

दुसऱ्या दिवसापासून

सतरंज्या झाडून परत द्या, पटांगणात पत्रावळ राहू देऊ नका. मुख्याध्यापकांनी पुढच्या वेळी हो म्हणायचं की नाही ते यावर ठरतं.

प्रश्न लिहून घ्यायला एका कॉलेजच्या मुलीला वही देऊन बसवलेलं असू द्या. ज्या प्रश्नांना उत्तर देता आलं नाही त्यांची उत्तरं शोधून आठवड्याभरात वाचनालयाच्या किंवा दूध डेअरीच्या फळ्यावर लावा, विचारणाऱ्याच्या नावासकट. आपलं नाव फळ्यावर बघितलेला माणूस पुढच्या सभेला दोघांना घेऊन येतो.

'मग आता आपण करायचं काय?' याला उत्तर लागतंच. पैसे द्यायचे त्यांनी वर सांगितलं तसे द्यावेत. काहींनी मिळून खासदारांना पत्र लिहावं, की सुदानच्या मदतीबद्दल सरकारची भूमिका काय ते कळवा. पोस्टकार्डही चालतं. आणि तिसरं काम गावातच सापडतं. आपल्या शिवारात वीटभट्टीवर, केळीच्या बागेत, गुऱ्हाळावर बाहेरून आलेली कुटुंबं असतात, त्यांची मुलं शाळेबाहेर असतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वयाचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. ज्या पटांगणात सभा झाली त्याच शाळेत जाऊन अशा दोन मुलांची नावं घालून घ्या. मुख्याध्यापक ओळखीचे झालेलेच आहेत.

पुढच्या सभेची तारीख पंगतीतच ठरवून टाका, पानावरून उठल्यावर कुणी हाती लागत नाही. फेब्रुवारी बरा: हरभरा-गव्हाची काढणी सुरू व्हायच्या आत आणि दहावी-बारावीच्या परीक्षांचं वेळापत्रक पाहून. विषय फळ्यावर आधीच लिहिलेला असेल.